सोल

दगडापेक्षा वीट मऊ, म्हणतात.
आमच्या बेटावर विटाच नाहीत.
इथं दगडापेक्षा दगड मऊ,
आणि कुठला कुणापेक्षा, ते गावागणिक बदलतं.

सिज्जीवीच्या खाणीतला फ्रांका
पहिल्या दिवशी साबणासारखा कापता येतो,
अंगात खाणीची ओल असते तोवर.
मग उन्हात पडून पडून
तो वर एक पातळ कातडी धरतो
आणि भिंत मधाच्या रंगाची होते.

फेरीबोटीनं अर्ध्या तासावर आवदेश.
तिथल्या टेकड्यांवरचा चुनखडक पोवळ्यांचा, पांढरट, आडमुठा.
छिन्नी उडते. कोपरापर्यंत झिणझिण्या.
आई तिथली, शारा गावची.
लग्नात तिच्या घरच्यांनी भांडी दिली नाहीत,
उंबरा पाठवला,
होडीतून, पोत्यात गुंडाळून.
साठ वर्षं सगळे त्यावरूनच आत-बाहेर करतोय,
मधोमध नखभर खळगा नाही.
बाबांच्या गावच्या पायऱ्या बघा:
एकेक पायरी चमच्यासारखी.

मी प्रयोगशाळेत ठोकळे चिरडते.
सात सेंटिमीटरचा घन, अंगावर निळ्या रंगात नंबर.
यंत्र दाब वाढवत नेतं,
मग आवाज होतो, शिळा पाव मोडल्यासारखा,
आणि मी आकडा लिहिते.
सिज्जीवी, बावीस.
आवदेश, एकाहत्तर.
दोन्हीला आपण एकच शब्द वापरतो, चुनखडी,
जसं दोन भावांना एकच आडनाव.

या महिन्यात मार्साशलोकच्या धक्क्यावरल्या चॅपेलचे तुकडे आले.
समुद्राकडची भिंत पोळ्यासारखी पोखरलीय,
कोळ्यांची पोरं भोकांत बोटं घालून
वाळू पाडतात, डबीत भरतात.
मी सुका ठोकळा लावला. तेवीस.
इंजिनियर कॅलेया म्हणाले, उत्तम,
म्हणजे दगडाचा दोष नाही.

एक तुकडा मी पर्समध्ये टाकून घरी नेला.

बाबांचा डावा कान करवतीनं खाल्लाय.
त्यांनी तो उजव्या कानाशी धरला,
बोटाच्या पेरानं वाजवला,
मग दुसऱ्या बाजूनं.
पेल्यातलं पाणी शिंपडलं
आणि बसून राहिले, पाणी कसं शिरतं ते बघत.
कॉफीवर साय धरली.
"सोल," म्हणाले.

सोल म्हणजे त्याच खाणीतला, त्याच रंगाचा,
यंत्राला कळत नाही असा.
खारा वारा लागला
की पापुद्रा पापुद्रा सोलत जाणारा.
जुने पाथरवट तो बाजूला टाकायचे,
शेताच्या बांधाला.

"कुठला हा?"
मी सांगितलं.
त्यांनी तुकडा टेबलावर ठेवला,
उचलला,
पुन्हा ठेवला, आता पालथा.
"चौथा थर," म्हणाले. "एकोणसत्तर साल.
चांगला दगड पाच मैलांवर होता, चेत्ता.
हा हाताशी होता.
आणि पुढच्या रविवारी बिशप यायचा होता."

आतून आई म्हणाली,
आवदेशहून मागवायचा होतात.
"आवदेशहून!" बाबा म्हणाले,
त्या एका शब्दात लॉरी, होडी, हमाल
आणि तिच्या भावांचा सगळा भाव आला.

दुसऱ्या दिवशी मी उरलेले ठोकळे
बंदरातून बादलीनं आणलेल्या पाण्यात बुडवून ठेवले.
नियमात तसं नाही, नियमात पाणी गोडं असतं.
चोवीस तासांनी बाहेर काढले तेव्हा
कडा बोटाला लागत होत्या.
आवाजही नीट झाला नाही, नुसता फुस्.
अहवालात शेरा म्हणून एक रकाना असतो,
अंगठ्याएवढा.
त्यात मी लिहिलं: ओला, चौदा.
गवंड्याचं नाव लिहायला जागा नसते.

रात्री उंबऱ्यावर बसून बाबांनी विचारलं, किती?
चौदा, मी म्हणाले.
त्यांनी हात पुसले, कोरडेच होते ते,
आणि म्हणाले,
"जास्त दिलेस."