आऊट

फाहाहीलच्या चौथ्या मजल्यावर, दुपारी,
मी सायकल उलटी उभी करते, सीटवर आणि हँडलवर,
खाली जुनी चादर.
बाहेर अठ्ठेचाळीस. काचेला हात लावला तर तवा.
यांना यायला सात वाजतात, शाल्मली शाळेत.
माझ्या कार्डावर अरबीत लिहिलंय
की मी कुणाची बायको आहे
आणि मला काम करायची परवानगी नाही.

सुरुवात शाल्मलीच्या सायकलीनं झाली.
फुटपाथच्या कडेवर आपटली, चाकाचा पार आठ झाला.
मंगाफच्या दुकानात कुंजुमोन म्हणाला, नवीन चाक घ्या,
हे जोडत बसायला वेळ कुणाला आहे?
म्हटलं, वेळ माझ्याकडे पोत्यानं आहे.
त्यानं एक नवी रिम दिली, छत्तीस स्पोक मोजून दिले,
दोनशे चौसष्ट मिलिमीटर, रबरबँड लावून,
आणि एक चावी, अंगठ्याएवढी.

दोघांवरून, तिसऱ्याखालून.
दोघांवरून, तिसऱ्याखालून.
रात्री नऊला चाक उभं राहिलं.
फोटो काढला, आईला पाठवला.
मग हवा भरायला गेले तर
व्हॉल्व्हचं भोक नेमकं दोन तारांच्या फुलीखाली,
पंपाचं तोंडच शिरेना.
एका भोकाची चूक. छत्तीसच्या छत्तीस काढले.
यांनी विचारलं, जेवण?
म्हटलं, खुबूस आहे, दही आहे, घ्या.

बाबा इचलकरंजीत मागाचे जॉबर.
माग थांबला की ताण्यावरून बोटांची मागची बाजू फिरवायचे
आणि मान तिरकी करून ऐकायचे.
शेजारी तेवीस माग धडधडत असताना
काय ऐकू यायचं, देव जाणे.
ढिलं सूत भिनभिनतं, म्हणायचे, घट्ट सूत बोलतं.
भावाला सगळं शिकवलं. तो आता पुण्यात विमा विकतो.
मी डबा घेऊन दाराशी उभी असायचे,
केसांत कापसाची पिंज.

आता मी एकेक तार छेडते.
फोर्कला कपड्याचा चिमटा लावलाय,
रिम जिथं त्याला घासते तिथं चिक्.
उजवीकडे चिक्, म्हणून डावीकडची आवळायची, पाव फेरा.
पाव म्हणजे पावच.
अर्धा दिला की पलीकडची बाजू रुसते,
मग तिची समजूत काढता काढता
चहा गार होतो.
मधेच तारा जोडीनं मुठीत धरून दाबायच्या,
पिंग पिंग करून पीळ सोडतात.
पहिल्यांदा वाटलं, तुटलं सगळं.

खालच्या बकाल्यातला अनीसुर
पाण्याचे कॅन घेऊन वर आला आणि चादरीवरचं चाक बघत
दारातच उभा राहिला.
त्याच्या मागच्या चाकात सहा तारा नव्हत्या,
दोन वर्षं तो तसाच खुबूस आणि अंडी पोचवत होता,
अंडी कशी पोचली कोण जाणे.
खाऱ्या हवेनं निप्पल गंजून रिमला चिकटलेले,
दोन दिवस खोबरेल तेल पाजलं तेव्हा हलले.
जे हलले नाहीत ते कापले.
हब तेवढा त्याचा राहिला, बाकी सगळं नवं.
पैसे घेता येत नाहीत, सांगितलं, कार्ड दाखवलं.
त्यानं कार्ड वाचल्यासारखं केलं.
दुसऱ्या दिवशी दाराशी एक कलिंगड.

आणि चौथ्या दिवशी तो सायकल ढकलत परत.
गुडघा सोललेला.
चाक तपासलं: चिमटा गप्प. तारा बोलतायत.
केसभर आऊट होता एका जागी,
तो मी मुद्दाम सोडला होता, हात थांबायला शिकावा म्हणून.
मग काय झालं?
तो हसायला लागला, गुडघ्यावर फुंकर घालत.
डावीकडे ओढणाऱ्या चाकावर दोन वर्षं
तो उजवीकडे कलून बसत आला होता.
चाका शोजा, म्हणाला, आमि बाँका.

मी खिडकीतून बघत राहिले.
रस्ता धुळीनं पांढरा, मागे कॅन बांधलेले,
आणि अनीसुर
सरळ चाकावर वाकडा बसून
हळूहळू कोपऱ्यापर्यंत गेला,
वळला.