प कमी पडायचा

एस.टी. स्टँडवर, अक्कलकोटच्या फलाटाशी,
शर्ट पाठीला चिकटलेला एक पोरगा
माझ्या हातात घडीचा कागद ठेवतो:
आज रात्री मेलात, तर कुठे जाल?
मागून कंडक्टर ओरडतो, मैंदर्गी, मैंदर्गी, दुधनी.

मी कागद आधी उलटा करते. सवय.
मुद्रकाचं नाव सगळ्यात खाली असतं,
मुंगीएवढ्या अक्षरात.
आमच्या घरी भाकरी तिथून यायची.

माझे वडील, शांतवन पाटोळे, कंपोझिटर.
साखर पेठेतला छापखाना.
सकाळी विडीची लेबलं, दुपारी लग्नपत्रिका,
मिशनची ऑर्डर आली की रात्रपाळीला नरक.
पाप फार लागतं गं यांना, म्हणायचे.
एका पापाला दोन प,
चार पानांत खण रिकामा,
आणि कुणा पेंटय्याचं लग्न
आमच्या पापांपायी खोळंबलेलं.

ज्वाळांचा ठोकळा एकच होता.
तोच नरकाला, तोच फटाक्यांच्या खोक्याला,
एकदा तर मूळव्याधीच्या मलमाला.
डाव्या कोपऱ्यात त्याची एक ज्वाळा तुटलेली.
मी रात्री घाबरून उठायचे
तेव्हा नरक नाहीच, असं बाबा कधी म्हणाले नाहीत.
पाळकसाहेबांना मानायचे ते.
एवढंच सांगायचे,
डावीकडे थोडी फट आहे बघ, तिथनं निघ.

मधल्या पानावर हमखास एक दारुडा.
सोलापूरचे श्री. ग., गिरणी कामगार,
एका रात्रीत बदलले.
ग. म्हणजे आमचे गमलिएल काका.
गिरणीला टाळं लागलं, गुत्त्यावरची उधारी बंद झाली,
म्हणून सुटली.
पुढे पोराला नोकरी लागली, पुन्हा धरली.
त्याची पत्रिका कुणी काढली नाही.

आई सिव्हिलमध्ये वारली.
उशीखाली अकरा कागद निघाले,
भेटायला आलेल्या एकेकीनं सरकवलेले.
त्यातलीच एक म्हणाली, विश्वास थोडा कमी पडला.
आमच्या घरात काय कमी पडतं
ते मला ठाऊक होतं.
नंतर मी देवळात गेले
ती लग्नकार्यापुरती.

एकोणीस वर्षं पतसंस्थेत आहे.
तारण हा शब्द दिवसातून साठदा लिहिते.
पाटल्या, बोरमाळ, एकदा एका विणकराचा अख्खा माग.
इथे छापलंय, तारण फुकट आहे.
फुकट म्हणणारा समोर बसला
की मी अटी वाचायला घेते.
आहेत. शेवटच्या पानावर, तुटक रेघेखाली:
नाव, वय, पत्ता, मोबाइल.
निर्णय आजच घ्या, उद्या कुणी पाहिलाय?
आमच्याकडे निदान तीन नोटिसा देतात.

ताई, वाचून तरी बघा.
ओठ सुकलेत त्याचे. हातात शंभरेक अजून.
अकराव्या वर्षी गड्ड्याच्या जत्रेत
मीही अशीच उभी होते,
मोजून दिलेले, संपवल्याशिवाय घरी यायचं नाही.
शेवटचे तीस शेंगावाल्याला दिले.
त्यानं लगेच पुड्या वळल्या,
एक मला दिली, खारे दाणे.

मी पाण्याची बाटली पुढे करते.
पोरगा घटाघटा पितो,
पुन्हा कुठे जाल ते विचारायचं विसरतो.
मैंदर्गीला, मीच सांगते. भाऊ असतो तिथं.

गाडी हलल्यावर घडी पुरती उघडते.
चार रंगांतली आग, कॉम्प्युटरवरची, गुळगुळीत.
डाव्या कोपऱ्यात बोट फिरवते.
फट नाही.
पश्चात्तापातला एक त मात्र गाळलाय.
तो पेनानं भरते,
हादऱ्यात जरा वाकडा.
बाबांनी तसा सोडला नसता.