सात टाके इंचाला

भाच्याला केशरी लॅम्बोर्गिनी बघायची होती
म्हणून मी आले. नाहीतर रविवारी सकाळी सहाला
माझे कपडे भिजत घालायचे असतात.

एम्प्रेस गार्डनच्या पुढे, झाडांमागचं मैदान.
महिन्याचा शेवटचा रविवार.
दवाने ओल्या गवतावर ओळीने
आजोबांच्या वयाच्या गाड्या,
न्हाऊन, तेल लावून, कांदेपोह्यांना बसल्यासारख्या.
मॉरिस मायनरवर पाटी:
'हात लावू नये. तोंडाने विचारावे. फार विचारू नये.'
तिचे मालक खांबेटे दोन रुमाल बाळगतात,
एक नाकासाठी, एक क्रोमसाठी.
आजवर अदलाबदल झालेली नाही म्हणे.

ओजस आकडे सांगतो,
शून्य ते शंभर इतक्या सेकंदांत.
मी विचारते, मुंढव्याच्या चौकात?

केशरी गाडी सुरू झाली तेव्हा
झाडावरचे पोपट एकदम उठले,
सगळ्यांचे मोबाईल वर गेले,
मी मागे सरले
आणि मागच्या हेरल्डला माझी कंबर लागली.
सॉरी, म्हटलं. गाडीला.

मग आत पाहिलं.

मधाच्या रंगाचं चामडं,
काठाकाठाने गेलेली शिवण.

क्वार्टर गेटजवळ, पिठाच्या गिरणीला लागून
आमचं दुकान होतं, हेंद्रे कुशन वर्क्स.
अण्णा टाके मोजताना दिसत नसत,
तरी सात टाके इंचाला,
आणि वळण आलं की आठवा,
चोरटा, आतल्या बाजूला घेतलेला.
म्हणायचे, नाहीतर चामडं कोपऱ्यात रडतं.
शाळेतून आल्यावर दोऱ्याला मेण लावायचं काम माझं.
उजव्या तर्जनीवर अजून चर आहे,
ऑफिसातलं ठशाचं मशीन मला रोज दोनदा नाकारतं.

काथ्यावर गोणपाट चढलं, की सीट बंद करण्याआधी
अण्णा खडू माझ्या हातात देत.
लिही.
मी काय लिहिणार?
कधी नाव, कधी अकराचा पाढा,
एकदा नुसतं, भूक लागली.

मालक आले. सुधन्वा पाळंदे, कोथरूड.
'सगळं ओरिजनल आहे बरं का,
सीट्स थेट इंग्लंडच्या.'
हो, म्हटलं मी.
कुठून आलं ते हो, कोण जाणे.
अण्णा असते तर त्यांनी सुई टोचली असती,
किंवा एवढंच विचारलं असतं,
याचं बिल वसूल झालं होतं ना गं?

'बसा की दोन मिनिटं.'
चपला बाहेर काढून बसले.
डावीकडची स्प्रिंग कुरकुरली.
काठावरून बोट नेलं,
पाच, सहा, सात,
आणि वळणावर, आत, नखालाच कळेल असा
आठवा.

खाली काय लिहिलंय ते वाचायचं
तर सगळी सीट उसवावी लागेल.
बाहेर पाळंदे कुणाला तरी
टायर कुठून मागवले ते सांगत होते.
वासही तसाच, मेणाचा नव्हे,
पेट्रोलचा, आणि बंद कपाटाचा.
दोन मिनिटं कधीच होऊन गेली होती.
त्यांनी उठा म्हटलं नाही.

परतताना ओजस म्हणाला, कशी होती?
कोण?
लॅम्बोर्गिनी, मावशी!
चांगली आहे, म्हटलं.
टाके मशीनचे आहेत.
त्याने ते ऐकलं नाही, त्याचं टॉर्कवर चाललं होतं.

स्वारगेटची बस. मागून दुसरी सीट.
रेक्झिन फाटलेलं, पिवळा फोम वर आलेला.
मी बोटाने आत ढकलला.
तो परत वर आला.
पुन्हा ढकलला.
मग त्यावर पर्स ठेवली, पर्सवर हात,
आणि स्टॉप येईपर्यंत तशीच बसले,
दाबून.