ओळ चारशे बारा

वाशीच्या नाट्यगृहात पाच दिवस महोत्सव.
यंदाचा पाहुणा देश जॉर्जिया.
दारात त्यांचा झेंडा, पांढऱ्यावर लाल क्रूस,
झेंड्याशेजारी मागच्या आठवड्यातल्या
कौटुंबिक नाटकाची अर्धी फाडलेली जाहिरात.
पाहुण्यांना शाल, श्रीफळ,
आणि श्रीफळाचं काय करायचं ते न कळलेले
दोन दिग्दर्शक.

मी पडद्याखाली, डाव्या अंगाला,
काळ्या कापडाआड लॅपटॉप घेऊन बसते.
वरची माणसं बोलली की कळ दाबते.
त्यांच्या पायाशी मराठी ओळ उमटते.
जॉर्जियन मला येत नाही.
ओठ उघडले की दाबायचं, मिटले की पुसायचं,
एवढीच विद्या.
भाषांतर पुण्याच्या एका बाईंचं, तेही फ्रेंचवरून.

महिनाभर घरी सराव करून
दोनच शब्द कानात राहिले.
देदा म्हणजे आई.
मामा म्हणजे बाप.
मी बाईंना फोन केला, टाइप करताना काही चुकलं का?
नाही म्हणाल्या.
तिकडं बापाला मामाच म्हणतात.

चौथ्या दिवशी हिंदुराव मामा आला.
तुर्भ्याच्या बाजारात, कांदा-बटाट्याच्या गाळ्यांवर
एकतीस वर्षं पोती वाहिलेला.
मी तिसरीत असताना मला मेढ्याहून
कोपरखैरण्याला घेऊन आला.
बाप होता माझा, फक्त पत्ता नव्हता.
शाळेच्या अर्जात वडिलांच्या रकान्यात
माझंच नाव टाकू का, असं त्यानं विचारलं होतं.
मास्तर म्हणाले, तसं चालत नाही.

तू करतेस काय ते बघू दे एकदा, म्हणाला.
पास गळ्यात घातला नाही,
घडी करून खिशात ठेवला.
शेवटची रांग, भिंतीकडची खुर्ची,
एसीसाठी कानाला मफलर.

मामा वाचतो हळू. ओठ हलवत.
त्याच्या पगाराच्या चिठ्ठ्या मीच वाचून दाखवायचे.
म्हणून त्या दिवशी प्रत्येक ओळ
अर्धा सेकंद जास्त ठेवली.
पुढच्या रांगेत कुणीतरी च्च केलं.
करू दे.

चित्रपटात खाणीचं गाव.
एक म्हातारा लोखंडी पाळणा चालवतो,
या डोंगरावरून त्या डोंगरावर.
बसायला माणसं उरली नाहीत
तरी सव्वासहाचा पाळणा सव्वासहालाच सोडतो.
मुलगा अकरा वर्षांनी येतो.
खालच्या फलाटावर उभा राहतो, वर बघतो.
वारा. तार करकरते.
ओळ चारशे बारा: बाबा.

बोट कळीवर होतं.
दाबलं नाही.

मुलगा म्हणाला, मामा.
पडद्याखाली नुसता काळोख.
पुन्हा एकदा, दरीत घुमेल असं,
मामाऽ

आणि शेवटच्या रांगेतून,
पोत्याखाली वाकलेला माणूस देतो तशी,
मान वर न करता दिलेली
एक ओ.

चारजण हसले.
मग कुणी हसलं नाही.
पाळणा खाली यायला पडद्यावर दीड मिनिट लागलं,
तेवढा वेळ कुणी बोलायचंच नव्हतं,
मला काही काम नव्हतं.

टिपणीस मॅडम आल्या, चारशे बारा का गेली नाही?
बोट घसरलं, म्हटलं.
पाहुण्या दिग्दर्शकाला मात्र ती ओ कुणाची
ते हवं होतं. दुभाष्याला सांगता आलं नाही.

बाहेर टपरीवर मामानं कटिंग फुंकून घेतलं.
बाकी झकास होतं, म्हणाला,
पण पोरगं अख्खा पिच्चर मामा-मामा करतंय
आणि तू खाली बाबा-बाबा लिहितेस.
एकदाच काही लिहिलं नाहीस,
तेवढं बरोबर आलं.

मी ग्लासच्या तळातली साखर ढवळत राहिले.

त्याचं काही कापणार नाहीत ना पैशात?
नाही, म्हटलं.
मग खिशातला पास काढून, घडी सरळ करत,
हा परत द्यायचा असतो का,
एवढं विचारलं त्यानं.