चारशेवीस

दगडू मढवीचा मासळीचा टेम्पो
रोज आमच्या दाराला नाक लावून उभा.
कोपरखैरणे, सिडकोची बैठी घरं,
गल्ली एवढीशी, की तो आला
की कढीपत्त्याची कुंडीसुद्धा अंग चोरते.
बर्फाचं पाणी ठिबकून ठिबकून
उंबऱ्याशी तळं करतं.

मी पालिकेच्या लेखा विभागातून निवृत्त.
सातांच्या सत्तर वेळा क्षमा करा, असं प्रभूनं सांगितलं
तेव्हा समोर कोळी बसले होते, कारकून नव्हता.
मी गुणाकार केला: चारशे नव्वद.
वही घातली. तारीख, वेळ, अपराध, शेरा.
शेरा रोज एकच: क्षमा केली.
पेन इतकं दाबून, की मागच्या पानावर उमटतं.

तबीथा म्हणते, "वही ठेवून क्षमा करणारे
देवाच्या राज्यात तुम्ही एकटेच."
चारशे एक्याण्णवाव्या दिवशी काय करायचं
तेही ठरलंय: वाहतूक पोलीस.

परवा पहाटे साडेतीनला कडी वाजली.
"पास्टरकाका, जरा धक्का द्या ना, गारी बंद परली."
मी पास्टर नाही. हे त्याला दोनदा सांगितलंय,
तेही वहीत आहे.

पायजम्याची नाडी एका हातात, टेम्पो दुसऱ्या.
एक गल्ली ढकलला. ढिम्म.
एक कोस नेलं तर दोन कोस जा, हे आठवलं,
आणि आठवलं याचाच राग आला.
मैदानाच्या कोपऱ्यावर तो एकदाचा खोकला, गेला.

धापा टाकत उभा राहिलो. हाताला बोंबलाचा वास.
हुंगला, तेव्हा साठीनंतर प्रथमच सुचलं:
पेत्राच्या होडीत बसून बोलायचा,
म्हणजे त्याच्याही झग्याला हाच येत असणार.
आमच्या कॅलेंडरावर मात्र
झगा नेहमी आत्ताच इस्त्रीवाल्याकडून आलेला.

संध्याकाळी मढवीनं दोन बांगडे आणून दिले.
डब्यात चपात्या पाच. खरंच पाच, मोजल्या मी.
आणि दारात मेहुणी, तिच्या तीन पोरांसकट.
चमत्कार काही झाला नाही.
तबीथानं आणखी कणीक मळली,
मी, कुणी न सांगता, कांदा चिरला.
बारा टोपल्या सोडा, काटे उरले,
तेही बोक्यानं नेले.

आज टेम्पो पुन्हा दारात.
वही उघडली. आकडा आला चारशेवीस.
बराच वेळ बघत बसलो.
पुढे नाव त्याचं,
पण अक्षर माझं.

"काय झालं?" तबीथानं विचारलं.
म्हटलं, काही नाही,
पेन चालत नाहीये.