रेघ, टिंब, रेघ

कंडक्टरनं विचारलं, मानेगाव टेकला
काय काम हाय काका तुमचं?
म्हटलं, सीमा पाहायची आहे.
त्यानं सुटे दिले
आणि पुढच्या बाकावरच्या बाईकडे पाहून भुवई उडवली.

एकतीस वर्षं सिव्हिल लाइन्सच्या त्या ऑफिसात
श्वास धरून, काळ्या शाईत
हीच हद्द मी ट्रेसिंग कागदावर काढली.
रेघ, टिंब, रेघ, टिंब.
साहेब म्हणत, वैरागडेंचा हात म्हणजे पट्टी.
पट्टीला कुठे कुणी गावाला पाठवतं?
मधल्या मोकळ्या जागेत काय असतं
हे मी विचारलं नाही,
आणि मग रिटायर झालो.

देवलापार मागे पडलं. साग, साग,
एक जळका ढाबा, पुन्हा साग.
उतरलो तर ट्रकांची रांग,
मोहाचा गोड, आंबूस वास
आणि पत्र्याचा वाघ, कान गंजलेला :
पर्यटक माहिती केंद्र.

आत कूलर होता, कूलरात पाणी नव्हतं.
टेबलामागे सुकवंती सरयाम
रबर लावून पत्रकांचे गठ्ठे करत बसलेली.
कोणतं देऊ जी? वाघाचं का मंदिराचं?
सीमेचं, मी म्हटलं.
ती हसली नाही. विचारात पडली,
जणू ते पत्रक कालच संपलं होतं.

मग म्हणाली, मोबाइल ठेवा त्या खिडकीत.
ठेवला. मिनिटभरानं तो थरथरला :
मध्य प्रदेशात आपले स्वागत आहे.
आता या टेबलावर ठेवा.
महाराष्ट्रात आपले स्वागत आहे.
दिवसभर असंच करते जी तो, ती म्हणाली,
मी आवाज बंद करून ठेवते.

तिनं दिलेल्या नकाशावर
माझी रेघ होती. माझीच, कोकामधलं वळणही तेच.
रेघेच्या वर कागद पांढरा.
नदी येऊन त्या रेघेशी थांबलेली,
रस्ता थांबलेला, जंगलही.
नियमच होता आमचा :
आपल्या हद्दीपलीकडे काही भरायचं नाही.
छप्पन सालापर्यंत ते सगळं नागपूरचंच होतं, मी तिला सांगू लागलो,
इथूनच कारभार चालायचा सगळा,
पण तिनं तोवर बॉलपेन उघडलं होतं.

हा नाला. हा मोठा मोह, याच्याखाली फुलं वेचतो आम्ही.
ही आत्याची चहाची टपरी.
हे माझं माहेर.
इथं कुत्रं चावते, तिकडून नका जाऊ.
पांढऱ्यात तिची निळी शाई पसरत गेली,
नदीला तिनं पुढं नेलं, हात न उचलता,
आणि माझ्या टिंबांवरून पेन
दोनदा, तीनदा ये-जा करत राहिलं,
त्याला काही लागलं नाही, अडलं नाही.

रजिस्टर पुढे सरकवलं. नाव, गाव, येण्याचं कारण.
माझ्या वर : वाघ. वाघ. पाणी.
वाघ, दिसला नाही.
सेलमचा एक ड्रायव्हर : झोप.
मी लिहिलं, तपासणी. मग लाज वाटली, खोडलं.
राहू द्या कोरं, ती म्हणाली, कोणी पाहात नाही.

निघताना बाथरूमची चावी मागितली.
लाकडाच्या ठोकळ्याला बांधलेली,
म्हणजे कोणी नेणार नाही.

आता रात्रीचे साडेदहा. मनीषनगर.
पॅन्टच्या खिशातून तो ठोकळा निघालाय,
टेबलावर ठेवलाय, तिच्या निळ्या नकाशावर.
त्याच्यावर स्केचपेननं अक्षरं :
परत आणून देणे.
बायको विचारते, हसताय काय एकटेच?
तिकडे कुणीतरी ट्रकवाला
कडी वाजवत असेल.

मंगळवारी केंद्र बंद असतं.
सोमवारची पहिली गाडी सहाला आहे.