गेट क्रमांक दोन

मरकळ रस्त्याला, वजनकाट्याच्या पुढे,
एक लोखंडी पट्टी आडवी होते, उभी राहते.
पट्टीच्या अलीकडे पुणे जिल्हा.
पलीकडेही पुणे जिल्हाच, सातबारा तसं सांगतो,
पण कायद्याच्या एका कलमात
ती जमीन देशाबाहेर आहे असं मानलं जातं.
मानलं जातं.
या दोन शब्दांवर माझं घर चालतं.

सकाळी नऊ वीसला मी परदेशात जाते.
पासपोर्ट म्हणजे गळ्यातलं कार्ड,
व्हिसा म्हणजे भागूजी टेमगिरेची हललेली मान.
डब्यात शेपूची भाजी, दोन भाकरी.
आयात शुल्क शून्य.

मग दिवसभर कागद.
जर्मनीची बेअरिंगं : माफ.
कोरियाचं यंत्र, सव्वा कोटीचं : माफ.
आणि भोसरीच्या ठोंबऱ्यांनी टेम्पोतून धाडलेले नटबोल्ट,
ती त्यांची निर्यात.
पहिल्यांदा कळलं तेव्हा
टपावर हात आपटून हसले होते ठोंबरे :
"म्हणजे आमचा ड्रायव्हर फॉरेनला जाऊन
जेवायला घरी येतो की!"

आत येणाऱ्या मालाचे इथे लाड होतात.
बाहेर जाणाऱ्याला किंमत विचारतात.
तुटकी खुर्ची, रिकामं पिंप, लेथखालचा कीस,
भंगारसुद्धा न्यायचं तर
आधी आयात करावं लागतं
आपल्याच तालुक्यात.

भिंतीला लागून एक चिंच आहे,
झोनच्याही आधीची.
खोड आत, निम्म्या फांद्या बाहेर.
मागच्या फाल्गुनात लिखिते साहेबांना विचारलं,
बाहेर पडलेल्या चिंचा कुठल्या तक्त्यात धरायच्या?
ते हसले नाहीत. चष्मा काढून पुसला.
म्हणाले, "हे लेखी विचारू नका."

पहिली पाच वर्षं नफ्यावर कर नाही.
पुढची पाच निम्मा.
शेवटची पाचही निम्मा, पण नफा धंद्यातच घातला तर.
कंपनीची पंधरा भरतात येत्या मार्चला,
माझी चौदा.
वरच्या मजल्यावर एक नकाशा उघडलाय,
समुद्रापलीकडच्या एका बंदराभोवती लाल गोल.
तिथेही अशीच पट्टी असेल,
मान हलवणारं कुणीतरी.

माझ्या पगारातून कर कापला गेला, दर महिन्याला,
परदेशात बसून कमावलेल्या रुपयांवर.
तक्रार नाही. नोंद आहे.

यंत्रं बाहेर काढतील तेव्हा शुल्क लागेल,
घसारा वजा करून.
तो हिशेब मीच करणार,
वर्षागणिक किती टक्के ते मला पाठ आहे.
परवा तो मांडताना
पेन थांबलं, माझं वय आठवलं,
मग चहा आला.

काल सुटताना भागूजीने पिशवी पाहिली.
तळाशी चार चिंचा.
कुठल्या बाजूच्या, त्याने विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही.
पट्टी उभी राहिली.